दोन बोटं खाली

"हिला माझा हात नाही लागायचा," गफूरचाचा म्हणाले आणि मांडीवरची फ्रेम उचलून त्यांनी परत माझ्याकडे दिली.

मला वाटलं चेष्टा करताहेत.

"चाचा, शर्यत नऊ दिवसांवर आलीय. सर उद्या सायकल जोडणार आहेत. नुसतं नाव तर लिहायचंय की. सोनेरी अक्षरात, इथं वरच्या नळीवर. तुम्हीच म्हणाला होता ना, आण म्हणून?"

"म्हणालो होतो. पण ही खालची नळी बद्द बोलतीये, बेटा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आत काहीतरी सुटलंय."

मी फ्रेम उजेडात धरून सगळीकडून फिरवून बघितली. काळीभोर, गुळगुळीत, कुठं केसाएवढी रेघ नाही. मी सतरा वर्षांची होते आणि तोंडाची फटकळ. अजूनही आहे म्हणतात लोक. "चाचा, हा भोपळा नाही," मी म्हणाले, "हा कार्बन आहे."

"असू दे की," चाचा म्हणाले. "पोकळ तर आहे ना?"

आमच्या मिरजेत सतारी बनतात. आमच्या घरामागच्या गल्लीत गफूरचाचांचं दुकान होतं, त्यांची चौथी पिढी त्या कामात. मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे यायचे आणि चाचा एकेक भोपळा मांडीवर घेऊन बोटाच्या पेरानं सगळीकडून वाजवायचे. लहानपणी शाळेतून येताना मी त्यांच्या पायरीवर बसून ते बघत असे. आधी ऐकायचं, मग हत्यार लावायचं, असं त्यांचं काम. एखाद्या भोपळ्याचा संशय आला तर तो स्वस्तात कुणाला द्यायचा नाही, मागं ठेवून द्यायचा नाही. ज्याचा माल त्यानं स्वतःच्या हातानं उंबऱ्यावर आपटून फोडायचा, म्हणजे पुन्हा कुणाच्या हातून तो सतारीला लागायला नको. ही त्यांच्या घराण्याची रीत. चाचांनी माझी फ्रेमही सवयीनंच वाजवून बघितली असणार. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

कारण त्या फ्रेमसाठी मी काय काय केलं होतं ते माझं मला ठाऊक. फ्रेम म्हणजे सायकलचा नुसता सांगाडा. चाकं नाहीत, हँडल नाही, काही नाही. नावाजलेल्या कंपनीची कार्बनची फ्रेम आमच्या आवाक्याबाहेरची. आण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत क्लार्क. मग माझे प्रशिक्षक विजापुरे सर, ज्यांचं सांगलीत सायकलचं दुकान होतं, त्यांनी शोधून काढलं की चीनमधले काही कारखाने बिननावाच्या फ्रेम थेट आपल्यालाच विकतात. वर कुठलं नाव नाही, चित्र नाही, नुसती काळी. तीन महिने मी नेटकॅफेत बसून तिथल्या लिली नावाच्या बाईशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रव्यवहार केला. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं छान जमलं. माझ्या पायांची मापं आईनं शिंप्याच्या टेपनं घेतली आणि मी ती लिलीला कळवली. खोकं घरी आलं त्या दिवशी आईनं फ्रेमला हळदकुंकू लावलं आणि शेजारपाजारचे सगळे ती एका बोटावर उचलून बघून गेले. "अगं बाई, माझ्या परातीपेक्षा हलकी आहे ही!" असं समोरच्या काकू म्हणाल्या.

आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर राज्य स्पर्धा होणार होती. अठरा वर्षांखालच्या मुलींत ते माझं शेवटचं वर्ष. पहिल्या चौघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. क्लबची ॲल्युमिनियमची सायकल मला मोठी व्हायची, चढावर तर ती गाढवासारखी अडून बसायची. ही फ्रेम असली तर मी पहिल्या चौघींत येते असं सर म्हणाले होते, आणि सर उगाच काही म्हणत नसत.

मी फ्रेम काखेत मारून तणतणत निघाले. कोपऱ्यावर मागून मुबारक आला. चाचांचा मुलगा, तिशीचा, दुकानात त्यांच्याबरोबरच काम करायचा.

"पद्मा, थांब जरा. अब्बांचं मनावर घेऊ नकोस."

"का? काय झालं?"

त्यानं मागं वळून बघितलं. "त्यांचे कान गेलेत गं. यंदा दोन सतारी परत आल्या. जवारी चुकली होती." तारांखालच्या घोडीला कानस घासत घासत सतारीचा आवाज उघडतात, त्याला जवारी म्हणतात. ते सगळं कानाचं काम. "चाळीस वर्षांत एक सतार परत आली नव्हती. लोक बोलायला लागलेत. ते मान्य करत नाहीत आणि मला काही बोलता येत नाही. तू खुशाल चालव तुझी सायकल."

मला एकदम हलकं वाटलं. चाचांचं वाईटही वाटलं, पण आधी हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सरांनी सायकल जोडली. मी त्यांना चाचांचं सांगितलं तर ते पोट धरून हसले. मग रुपयाचं नाणं घेऊन त्यांनी खालची नळी हँडलपाशी टकटक वाजवून बघितली, माझ्याही कानाशी वाजवली. मला काही फरक कळला नाही.

"तिथं कार्बनचे थर जास्त असतात, मगदूम," सर म्हणाले. ते मला आडनावानंच हाक मारायचे. "सगळा भार तिथंच येतो ना. जाड जागेचा आवाज वेगळाच येणार. म्हाताऱ्याला भोपळ्यातलं कळतं, यातलं काय कळतंय?"

पटण्यासारखंच होतं. तरी मी वाटेत चाचांच्या पायरीशी थांबले आणि भांडल्यासारखं ते सगळं त्यांना ऐकवलं. चाचा हातातली कानस ठेवून म्हणाले, "जाड असलं तर आवाज बारीक होतो, पण जिवंत असतो. डाव्या अंगाला तो जिवंत आहे. उजव्या अंगाला मेलाय. दोन्हीकडं जाडी सारखीच असेल की नाही?"

"मुबारकभाईंनी मला सांगितलंय सगळं," मी म्हणाले. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

चाचांचा चेहरा उतरला. "सांगितलं असेल. खरंच आहे ते."

"मग मी तुमचं कसं ऐकू?"

"नको ऐकूस," ते म्हणाले. रागानं नाही. "तुझी वस्तू आहे. माझी असती तर मी उंबऱ्यावर फोडली असती."

त्याच दिवशी मी लिलीला फ्रेमचे फोटो पाठवून लिहिलं. तसं काही नाही, नुसती खात्री म्हणून विचारते, असं. सोमवारी तिचं उत्तर आलं. प्रिय पद्मजा, फोटोत फ्रेम चांगली दिसते. इथून निघताना ती तपासली होती. पण तुला शंका असेल तर एकच उपाय आहे. शंकेच्या जागी फ्रेम काप आणि फोटो पाठव. थर सुटलेले दिसले तर आम्ही लगेच नवीन फ्रेम मोफत पाठवू. थर नीट असले तर मात्र आम्हाला काही करता येणार नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. कापायची! कापलेली फ्रेम म्हणजे भंगार. चाचा चुकलेले असले तर फ्रेम गेली आणि शर्यत गेली. बरोबर असले तरी नवी फ्रेम यायला महिना तरी लागणार, म्हणजे शर्यत गेलीच. न कापता पन्हाळ्याला पळवली आणि चाचा बरोबर निघाले, तर उतारावर काय होईल ते बोलायला नको. सरांना पत्र दाखवलं तर ते म्हणाले, "हे बघ, कापायचं नाव काढलंस तर पुन्हा माझ्याकडं येऊ नकोस."

मंगळवारी सकाळी मी सायकल घेऊन दंडोबाच्या डोंगरावर गेले. चढताना ती अशी काही चढली म्हणता! पायाखाली काही वजनच नाही. मी मोठमोठ्यानं हसत होते एकटीच. वर पोचले, पाणी प्यायले आणि उताराला लागले. उतार हा माझा हुकमी भाग. त्या वळणांवर मी क्लबची ती धूड सायकलसुद्धा ब्रेक न लावता घालायचे आणि सर खालून शिव्या द्यायचे.

त्या दिवशी माझी बोटं ब्रेकवरून निघेनात. पहिल्या वळणाला वाटलं, रस्त्यावर खडी आहे. दुसऱ्याला वाटलं, वारा आहे. तिसऱ्याला कळलं की खडी नाही आणि वाराही नाही. माझी नजर रस्त्यावर नव्हतीच, खालच्या नळीच्या उजव्या अंगावर होती. पायथ्याशी येऊन घड्याळ बघितलं तर मी जुन्या सायकलपेक्षा मिनिटभर उशिरा उतरले होते. असली सायकल घेऊन पन्हाळ्याला जाऊन मी करणार काय होते? रस्त्याकडेला बसून मी रडले चांगली दहा मिनिटं. चाचांना शिव्या घातल्या, लिलीला घातल्या, मुबारकलाही घातल्या.

घरी आण्णा जेवायला आले होते. "आण्णा, मी फ्रेम कापणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नको म्हणाले असते तर मी कदाचित ऐकलं असतं. ते म्हणाले, "आधी जेवून घे. उपाशीपोटी असलं काही करू नये."

दुपारी चाचांच्या दुकानात आम्ही पाचजण होतो. चाचा, मुबारक, आण्णा, मी आणि विजापुरे सर. सर येणार नाही म्हणाले होते, पण आले. चाकं, हँडल, पेडल त्यांनीच उतरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुबारकनं ओली फडकी दिली, कार्बनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला बांधायला. नक्षीकामाची बारीक दात्यांची करवत चाचांनी माझ्यापुढं ठेवली.

"मी?" मी विचारलं.

"ज्याचा माल त्यानं," चाचा म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा नळी वाजवली, खडूनं एक रेघ मारली आणि फ्रेम दोन्ही हातांनी घट्ट धरून तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी करवत चालवली. कार्बन कापताना बारीक किरकिर आवाज येतो, दातावर दात घासल्यासारखा. नळी आरपार तुटली तशी सरांनी फ्रेम हिसकावूनच घेतली आणि दाराशी उजेडात नेली.

त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली.

"स्वच्छ आहे," सर म्हणाले. "सगळे थर एकजीव. बघा, या, बघा सगळ्यांनी." त्यांचा आवाज चिडका नव्हता. रडवेला होता.

मीही बघितलं. काळा, चकचकीत, अखंड काप. कुठं काही सुटलेलं नाही. मुबारकनं डोळे मिटून घेतले. आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

चाचांनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडं फिरवलं. ते कापाकडं बघायला उठलेच नाहीत. त्यांनी लांबूनच दोन बोटं आडवी धरून दाखवली. "अजून दोन बोटं खाली."

"बास झालं आता, चाचा!" सर ओरडले. "पोरीचं वाटोळं केलंत, अजून काय बाकी आहे?"

"अब्बा, बास," मुबारकही म्हणाला.

मी करवत उचलली. सरांच्या हातातून फ्रेम घेतली, पहिल्या कापाखाली दोन बोटं मोजून करवत लावली आणि कापायला लागले. या वेळी कुणी फ्रेम धरली नाही, मीच गुडघ्याखाली दाबून धरली होती. अर्ध्यात गेल्यावर करवतीचा आवाज बदलला. किरकिर थांबून फरफर झालं. मी वर बघितलं तर चाचाही माझ्याकडंच बघत होते.

तुकडा सुटला. उजव्या अंगाला थर वेगळे झाले होते, पोळीचा पापुद्रा सुटतो ना, तसे. आणि मध्ये पिवळ्या प्लॅस्टिकचा एक कागद होता, माझ्या तळहाताच्या निम्मा. कार्बनच्या कापडाला मागून असा कागद लावलेला असतो आणि थर देताना तो सोलून टाकायचा असतो, हे मला पुढं लिलीकडून कळलं. कुणीतरी तो सोलायला विसरलं होतं. वरून बघून कळायची काही सोयच नव्हती. सरांनी नखानं टोकरलं तर वरचा थर अलगद उचलला गेला.

सरांनी तो तुकडा खाली ठेवला. "पन्हाळ्याच्या उतारावर..." एवढंच म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला वाटलं चाचा आता छाती पुढं काढतील, मुबारकला दोन शब्द सुनावतील. त्यांचा तो हक्कच होता. पण ते त्या पिवळ्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "त्याचं काय होईल आता?"

"कुणाचं?"

"तिथं वाजवून बघणाऱ्याचं. असणारच कुणीतरी. वस्तू बनते तिथं ऐकणारा असतोच. त्याला काढून टाकतील काय गं?"

"मला काय माहीत, चाचा?"

"मग लिही त्यांना. फोटो पाठवशील तेव्हाच लिही. माणूस चुकतो म्हणावं. इथला म्हाताराही यंदा दोनदा चुकलाय म्हणावं. दोन सतारी परत आल्यात. त्याला काढू नका." मुबारककडं न बघता ते हे बोलले, आणि मुबारक उठून पाणी आणायला आत गेला तो बराच वेळ आला नाही.

मी तसंच्या तसं लिहिलं. सतारीला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून चित्र काढून पाठवलं.

रविवारी मी क्लबच्या सायकलवर पन्हाळ्याला उतरले. अकरावी आले. पहिल्या चौघींशी माझी गाठसुद्धा पडली नाही. ज्युनिअरमधली राष्ट्रीय स्पर्धा कायमची हुकली, आणि ती हळहळ मला पुढं दोन-तीन वर्षं होती. पण त्या उतारावर मी एकदाही ब्रेकला बोट लावलं नाही, आणि वाटेत प्रत्येक वळणाला माझ्या मनात एकच यायचं, की मी आहे. बाकी काही असो नसो, मी आहे.

दीड महिन्यानं नवी फ्रेम आली, सोबत लिलीचं पत्र. मी ते घेऊन चाचांकडं गेले आणि पायरीवर बसून त्यांना मराठीत वाचून दाखवलं. कारखान्यात खरंच एक वाजवून बघणारा होता, सत्तावन्न वर्षांचा, नाण्यानं वाजवायचा. त्याला काढलं नाही. त्याच्या शेजारी एक तरुण मुलगी बसवली, प्रत्येक फ्रेम आता दोघं ऐकतात. तुमच्याकडच्या कारागिराचं वय किती, असं तो विचारतो.

"सत्तावन्न? मग पोरगाच आहे की अजून!" चाचा हसले. थोड्या वेळानं त्यांनी आत हाक मारली. "मुबारक, तुझी चटई इकडं आण. आजपासून जवारी दोघांनी ऐकायची."

मुबारक चटई घेऊन आला आणि खाली मान घालून त्यांच्या शेजारी बसला. मी चाचांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे हात वरच्या वर धरले.

"चाचा, तुमच्यामुळं वाचले मी."

"उलटं आहे, बेटा," ते म्हणाले. "सरांनी पहिला काप बघून स्वच्छ आहे म्हटलं ना, तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून हत्यारं पेटीत. दोन बोटं खाली म्हणालो ते कशाच्या जोरावर, माझं मलाच कळेना. पोटचा पोरगा बास म्हणाला. आणि तू एक शब्द विचारला नाहीस. करवत उचललीस. एवढा विश्वास त्या दिवशी माझ्यावर माझासुद्धा नव्हता. शुक्रिया."

खरं तर मी करवत उचलली ती रागानं. फ्रेम तर मेलीच होती, तिचे आणखी दोन तुकडे झाले काय आणि चार झाले काय. मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर दुसरा स्वच्छ काप फेकायचा होता. विश्वास बिश्वास काही नव्हता.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. चाचा गेले त्यालाही चार झाली. त्या रागाचं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्याचा मला पस्तावाही होत नाही. मी न ठेवलेल्या विश्वासासाठी त्यांनी माझे हात धरून आभार मानले. त्यानंतर मला तो ठेवायला शिकावंच लागलं.